नमुन्याचं घर

बिल्डरची पांढरी गाडी वस्तीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली तेव्हा मीना ओट्यावर बसून पत्रावळ्या लावत होती. गाडी दिसली म्हणून तिनं हात थांबवला नाही. उलट पुढचं पान जास्तच निवांत निवडलं. गाडीतून तिचा धाकटा दीर दत्तू उतरला. गळ्यात निळ्या पट्ट्याचं ओळखपत्र, पायात पांढरे बूट. गेल्या पावसाळ्यापर्यंत हाच दत्तू मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलत होता. आता तो बिल्डरचा ‘समन्वयक’ झाला होता. समन्वयक म्हणजे नेमकं काय करतो, हे वस्तीत कुणालाच ठाऊक नव्हतं. दत्तूला विचारलं तर तोही ‘वरून आदेश आहेत’ एवढंच सांगायचा.

“चला वहिनी. गाडी खोळंबलीय.”

“गाडी तर रिकामीच दिसती, भावजी.”

“आपलंच घर पहिलं ठेवलंय साहेबांनी. मान हाय आपला.”

“बोकडाला पण पहिला मानच असतो. लावायला कुंकू आणलंय का?”

दत्तूनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि आईला हाका मारत आत गेला.

भोयांच्या घराला हा मान कशापायी, ते सगळी वस्ती जाणून होती. पेठकडच्या डोंगरातून भिका भोये डोक्यावर पळसाच्या पानांचा भारा घेऊन नाशकात गंगेवर, म्हणजे गोदाकाठी आला आणि घाटाच्या वरच्या पायरीपासून चाळीस पावलांवर त्यानं पहिली ताडपत्री बांधली. बाकीची वस्ती त्याच्या मागून उभी राहिली. भिका जाऊन नऊ वर्षं झाली होती. घराचा फोटोपास, म्हणजे झोपडीचा सरकारी दाखला, आता त्याच्या बायकोच्या, भागीबाईच्या नावावर होता. बिल्डरला संमतीसाठी अजून काही घरं कमी पडत होती, आणि राहिलेली सगळी घरं भागीबाईच्या तोंडाकडे बघत होती. तिचा अंगठा उठला की त्यांचेही उठणार. मग सिंहस्थाच्या आत वस्ती साफ होणार, आणि पत्रावळीवाले आडगावच्याही पलीकडे, सात मजली इमारतीत जाऊन पडणार.

आणि मीनाचं घर तर त्या चाळीस पावलांवरच चालत होतं. दहाव्याला किती माणसं येतील हे आदल्या दिवशी कुणाच्या बापाला सांगता येत नाही. वीस म्हणतात आणि साठ उतरतात. मग गुरुजींचा माणूस मंगळू वरच्या पायरीवर उभा राहून हाक टाकतो, “मीनाबाई, तीस!” आणि पाच मिनिटांत मीना तीस पत्रावळ्या नेऊन ठेवते. हाक पोचते तिथवर हा धंदा. त्याच्या पलीकडे नुसताच पाला.

मग ती त्या गाडीत बसली कशाला? सासूच्या अंगठ्यावर नजर ठेवायला. सासू-सुनेचं वीस वर्षांत डाळीतल्या मिठावरसुद्धा एकमत झालेलं नव्हतं, पण त्या दिवशी मीना भागीबाईला अगदी खेटून बसली. पायाशी ओल्या गोणपाटात गुंडाळलेला पानांचा भारा. पुढच्या सीटवर नवरा बारकू. नाव बारकू, पण थोरला. दिवसभर फुलबाजारात हातगाडी ओढायची आणि घरात मूग गिळून बसायचं, एवढी दोनच कामं त्याला नीट जमत. मागं खिडकीला चिकटून निकिता, एकोणीस वर्षांची लेक, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ती सकाळपासून एक अक्षर बोलली नव्हती.

“भारा कशाला घेतलास?” बारकूनं विचारलं.

“घर बघायला चाललोय ना? मग घरात करते ते तिथं करून बघायला नको?”

गाडी चालतच राहिली. मोठे रस्ते संपले, दुकानं संपली, द्राक्षाचे मळे लागले, तेही संपले. “हे अजून नाशिकच हाय का?” भागीबाईनं विचारलं. “नाशिकच गं आई,” दत्तू म्हणाला. मीना म्हणाली, “बिल्डरच्या कागदावर पार सटाण्यापर्यंत नाशिकच असल.”

सहाव्या मजल्यावरच्या त्या घराला ‘सॅम्पल फ्लॅट’ म्हणत होते. टाय लावलेला अमितसर नावाचा मुलगा हात जोडून दारात उभा होता. आत पलंगावर मखमली उशा, भिंतीवर धबधब्याचं चित्र, टेबलावर काचेच्या भांड्यात केळी आणि सफरचंदं. भागीबाईनं एक केळं उचलून दाबलं. ते प्लास्टिकचं निघालं. तिनं ते मुकाट्यानं परत ठेवलं आणि ओट्यावरचा नळ सोडला. नळाला नुसता ‘फुस्स’ आवाज आला.

“पाणी नंतर येणार, आजी. हा नमुना आहे,” अमितसर म्हणाला.

“केळं पण नंतरच येणार म्हणा की,” मीना म्हणाली.

अमितसर हसला. त्याला हसायचाच पगार असावा. त्यानं गॅलरीचं दार सरकवलं. “हे बघा वारं! उन्हाळ्यात पंखासुद्धा लागणार नाही.”

मीना त्या चकचकीत फरशीवर फतकल मारून बसली आणि भारा सोडला. दत्तूच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण साहेबासमोर त्याला तोंड उघडता येईना. मीनानं पान पानाला जोडून बांबूची काडी टोचायला सुरुवात केली. तीन पत्रावळ्या झाल्या. चौथीला वाऱ्यानं पानं उचलून पलंगाखाली नेली. पाचवीला काडी टोचली आणि पान कडकन फाटलं. सहावीलाही तेच. गोणपाट अजून ओलं होतं, पण वरची पानं कधीच कोरडी पडली होती.

“बघा, आत्याबाई,” मीना म्हणाली. “आपल्या बोळात ऊन नाय, वारा नाय, तिथं पान दोन दिवस ओलं राहातं. इथं तासाभरात पाचोळा.”

“खिडकी बंद करता येते, ताई,” अमितसर म्हणाला.

“मग वारा कशाला दाखवत होता?”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मंगळू होता. इतका ओरडत होता की सगळ्यांना ऐकू गेलं. “मीनाबाई, हाका मारून माझा घसा बसला! कुठं हायस?”

“सहाव्या मजल्यावर.”

“कुणाच्या?”

“माझ्याच, म्हणतात.”

“चेष्टा नको, नांदगावची पार्टी हाय, दोन गाड्या जास्तीच्या आल्यात. चाळीस पायजेत, आत्ता.”

“आत्ता नाय जमायचं रे. लांब हाय मी.”

“मग मी लताबाईकडून घेतो.” फोन बंद झाला. लताबाई वस्तीच्या वरच्या अंगाला बसायची आणि कागदी पत्रावळीला वरून पळसाचं एक पान चिकटवून विकायची. मीनाला तिचा मनस्वी राग होता, आणि आता चाळीस पत्रावळ्यांचा धंदा तिला आयता गेला होता.

“वहिनी, अजून किती दिवस मयताच्या जिवावर जगणार तुम्ही?” दत्तूला आता धीर आला. “शेजारी मोठे टॉवर होतायत. तिथं बायका लागणारच. साहेबांनी शब्द दिलाय.”

“म्हणजे आज लोक माझ्या पत्रावळीवर जेवतात, उद्या मी त्यांची खरकटी घासायची. आणि त्याला तुमच्यासारख्यानं समन्वय म्हणायचं.”

“तुम्हाला नाय पटायचं. आईला विचारा.”

सगळ्यांनी भागीबाईकडे बघितलं. ती संडासाचं दार उघडून कमोडवर बसून बघत होती, नेसतं लुगडं तसंच. भिंतीचा आधार घेऊन उठली, परत बसली, परत उठली. मग मीनाकडे न बघता बोलली.

“मीने, तुझं खरं हाय. पण माझे गुडघे पण खरे हायत. सरकारी संडासच्या पायऱ्या मी रांगत चढती. बघतीस ना तू?”

 मीना पानं गोळा करू लागली. आपण इतकी वर्षं हिच्याशी भांडलो ते उगाच नाही, असंही तिच्या मनात आलं. न्हाणीघरातून निकिता सगळ्यांत शेवटी बाहेर आली. तिनं आतली कडी दोनदा लावून बघितल्याचा आवाज मीनाला आला होता.

“ठीक हाय म्हणायचं घर,” भागीबाई म्हणाली. दत्तूचा चेहरा फुलला. खाली ऑफिसात चहा होता, आणि कॅमेऱ्यासमोर ‘माझी राजीखुशी आहे’ एवढंच बोलायचं होतं.  सगळे लिफ्टमध्ये शिरले.

दुसरं कुणी असतं तर लिफ्टच्या आरशात तोंड बघत खाली उतरलं असतं. पण भागीबाईनं सगळा जन्म घाटावर काढलेला. लोक लग्नाची वरात बघतात तशा तिनं तिरड्या बघितलेल्या. तिनं सगळ्यांना बाजूला सरकवलं, खाली वाकली आणि लिफ्टची फरशी वितेनं मोजू लागली. पाच विता आणि चार बोटं. मग दुसऱ्या अंगानं. ती त्याहून कमी.

“आजी, काय मोजताय?” अमितसरनं विचारलं.

“मढं आडवं कसं मावायचं यात?”

अमितसरला वाटलं, म्हातारी विनोद करतेय. “आजी, सहा माणसांची लिफ्ट आहे ही.”

“सहा उभ्या माणसांची. मेलेलं आडवं असतं बाबा.”

“जिना आहे की!”

“जिना मी बघितला. वळणावर तिरडी फिरायची नाय.”

लिफ्ट खाली आली. वॉचमनच्या केबिनजवळ, भिंतीच्या सावलीला सात-आठ म्हाताऱ्या बायका ओळीनं बसल्या होत्या. घरं वर असून बसायला खालीच. त्यांतली एक उठून आली. सिंधुबाई. पूर्वी पलीकडच्या काठावर फुलांच्या परड्या विकायची. तीन वर्षांपूर्वी तिची वस्ती उठली आणि इथल्या पहिल्याच इमारतीत ती राहायला आली. भागीबाईनं तिला ना बरी आहेस का विचारलं, ना पाणी येतं का विचारलं.

“सिंधे, तुझा नवरा वर गेला ना? खाली कसा आणला?”

सिंधुबाईनं आधी दत्तूच्या गळ्यातल्या पट्ट्याकडे बघितलं. मग तिला ते सांगितल्याशिवाय राहवेना.

“जिन्यात तिरडी अडकली, भागीबाई. पोरांनी लय उलटीपालटी केली. मग परत वर नेला, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवला, दोरीनं बांधला नि लिफ्टमधून आणला. मान सारखी पुढं पडायची, म्हणून मी कपाळाला हात लावून उभी. तिसऱ्या मजल्यावर एक माणूस आत आला आणि मला म्हणतो, काकांना बरं नाही का?”

 अमितसरनं आत चहा थंड होतोय असं सुचवून बघितलं.

ऑफिसात कॅमेरा लावून ठेवलेला होता. खुर्चीही होती. भागीबाई त्या खुर्चीत बसली नाही.

“आई, कोण कुठली ती बाई, तिचं काय ऐकतीस?” दत्तू म्हणाला. “अजून लय जगणार तू.”

“मेल्यावरचंच विचारतीय. तू बांधणार मला खुर्चीला? सुतळीनं का नायलॉननं?”

“आता काय बोलायचं हिला!”

“जन्मभर उभीच हाय मी. भारे घेऊन उभी, रेशनला उभी, पाण्याला उभी. मेल्यावर तरी आडवी जाऊ दे की रे मला. नाय करायची मला राजीखुशी.”

मीनाला वाटलं, सासूच्या पाया पडावं. दाराशी उभ्या असलेल्या बारकूनंसुद्धा मान हलवली, आणि त्याच्या मानानं ते भाषणच होतं. पण साहेबासमोर नाक कापलं गेलं म्हणताच दत्तू चवताळला.

“व्हिडिओ नका देऊ! कागद केव्हाच गेलाय वर. अंगठ्यासकट!”

त्यानं मोबाईल पुढं केला. संमतीचा फॉर्म होता, खाली निळा अंगठा. मीना चौथीपर्यंत शिकलेली. बारीक छापलेला मजकूर तिला लागला नाही, पण हातानं भरलेलं अक्षर ओळखता आलं. पहिलीपासूनच्या वह्यांना तिनं स्वतः कव्हरं घातली होती. ते गोल, टपोरं अक्षर दुसऱ्या कुणाचं असणं शक्य नव्हतं.

“मी नाय घेतला अंगठा, वहिनी,” दत्तू म्हणाला. त्याला आता मजा वाटत होती. “घरातच विचारा.”

“मी भरला फॉर्म,” निकिता म्हणाली.

भागीबाई नातीकडे बघत राहिली. “गॅसचा कागद म्हणाली होतीस तू.”

“हो. खोटं बोलले.”

परत न्यायला गाडी नव्हती; राजीखुशीवाल्यांनाच ती दोन्ही बाजूंनी फुकट होती. बससाठी तासभर उन्हात उभे राहिले, मग एक बस, मग दुसरी, मग रिक्षा. घरी पोचायला दिवस कलला. सबंध वाटेत मीनानं लेकीसाठी एकेक शब्द परजून ठेवला होता. बिल्डरनं दत्तूला बूट तरी दिले, तुला काय दिलं? आजीनं तुला नऊ महिने पोटात नव्हतं ठेवलं म्हणून तिला विकलीस का? असले दहा-बारा तयार होते. घरामागच्या मोरीपाशी तिनं निकिताला गाठलं.

“थांब,” निकिता म्हणाली. “तू एकदा सुरू झालीस की मला बोलता येणार नाही. आधी मी बोलते. चाळीस पावलांवरून मंगळूकाकाची हाक ऐकू येते ना तुला? मग तिथून इथलं दिसतं पण, आई.”

मोरी म्हणजे तीन बाजूंना पत्रा आणि चौथीला साडी. रोज पहाटे चारला निकिता अंघोळ करायची आणि मीना ती साडी धरून उभी राहायची. घाटाकडे पाठ करून.

“तुझी पाठ असते. तुला दिसत नाही,” निकिता म्हणाली. “वारा आला की साडी उडते. गेल्या महिन्यात वरच्या पायरीवर एकानं मोबाईल धरला होता. तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असतास. सगळे हसले असते, आणि दुसऱ्या दिवशी मी परत साडीमागेच. त्या फ्लॅटमध्ये पाणी नाही, मला माहीत आहे. तुझा धंदा बुडेल, तेही माहीत आहे. पण तिथं आतून कडी लागते. मला दुसरं काही दिसलंच नाही.”

मीनाच्या तोंडाशी आलेले दहा-बारा शब्द तिथंच मेले. तिला लेकीचा राग यायला हवा होता, आणि लाज वाटली ती स्वतःची. दत्तूला, बिल्डरला, लताबाईला, सगळ्या जगाला ती नावं ठेवत आली. स्वतःच्या पाठीमागं काय चाललंय ते मात्र तिनं एकदा मान वळवून बघितलं नाही. वस्तीत कुणी धंद्यासाठी अडून बसलं होतं, कुणी शाळेसाठी, कुणी शेजारणीसाठी, आणि सगळे एका सुरात ‘हलणार नाय’ म्हणत होते. मोरीतल्या पोरींना कुणी विचारलं नव्हतं.

ती पुढल्या अंगाला गेली. “अहो,” तिनं नवऱ्याला हाक दिली, “पेचकस आणा. घराचं दार काढा.”

“काय?”

“दार. पत्र्याचं. काढा आणि मोरीला लावा.”

“आणि घराला काय?” भागीबाईनं विचारलं.

“गोणपाट. चोर आला तर पळसाची पानं घेऊन जाईल बिचारा.”

बारकूनं एकदा बायकोकडे बघितलं, एकदा लेकीकडे, आणि पहिल्यांदाच दुसऱ्यांदा न सांगता उठला. दार मोरीला चार बोटं जास्त रुंद निघालं. त्यानं कात्रीनं पत्रा कापला, हातही कापून घेतला. बिजागऱ्या ठोकल्या, आतून कडी बसवली. निकिता शेजारी उभी राहून एकेक स्क्रू देत होती.

“हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात,” ती हळूच म्हणाली. “फॉर्मच्या मागं छापलंय. दहा राहिलेत. मी हरकत लिहावी म्हणून हे दार लावतेयस का तू?”

“नाय,” मीना म्हणाली. “दार तुझं. हरकत नाय लिहिलीस तरी ते काढायचं नाय.”

निकिता आत गेली आणि कडी लावली. दिवसाउजेडी, घाटावर माणसांची वर्दळ असताना, तिनं सावकाश अंघोळ केली. बाहेर कुणी साडी धरून उभं नव्हतं. ओल्या केसांनी ती ओट्यावर आली आणि वही घेऊन बसली.

“काय लिहू? आम्हाला घर नको, असं?”

“घर नको कोण म्हणतंय?” मीना म्हणाली. “घर पायजे. पण हाकेच्या अंतरावर पायजे. दाराचं पायजे.”

“खालच्या मजल्यावर लिही,” भागीबाई आतून म्हणाली. “गुडघ्यांचं पण लिही. आणि आडवं जायचं पण लिही.”

निकितानं सगळं लिहिलं आणि शाईचा डबा घेऊन आजीसमोर बसली. भागीबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

“आधी वाच,” ती म्हणाली. “सगळं वाच. मोठ्यानं.”

निकिता पहिल्याच ओळीला अडखळली. ती थांबली आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचू लागली.